वादातला अपघात आणि कारचा क्लेम: पाचपैकी दोन तारे

पैसे अखेर मिळाले म्हणून दोन तारे देतेय. ते मिळेपर्यंत मला ज्या पद्धतीने खोटं ठरवलं गेलं, त्याचे तीन कापलेत. कंपनीचं नाव लिहीत नाही. क्लेमची जी पद्धत सांगणार आहे ती बऱ्याच ठिकाणी तशीच आहे, आणि नाव वाचून "आपली तर दुसरी कंपनी आहे" असं म्हणून कुणी निर्धास्त राहू नये.

गाडी 1200 सीसीची पेट्रोल हॅचबॅक, 2021 ची, पप्पांच्या नावावर. पॉलिसी फुल इन्शुरन्सची, झीरो डेप (म्हणजे सुट्या भागांच्या जुनेपणाचे पैसे न कापणारं जादा कवच) नाही. मी बावीस वर्षांची, पक्कं लायसन्स दोन वर्षांपासून आहे, आणि नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत कामाला जाताना ही गाडी रोज मीच चालवते. गाडी पप्पांच्या नावावर असली तरी वैध लायसन्स असलेल्या कुणीही मालकाच्या परवानगीने चालवली तर विमा लागू होतो. हे पॉलिसीत छापलेलं असतं. तरीही सर्व्हेयरचा, म्हणजे कंपनीने नुकसान तपासायला नेमलेल्या माणसाचा, पहिला प्रश्न होता, "गाडी नक्की कोण चालवत होतं?" आणि तोही मला नाही, माझ्या शेजारी उभ्या असलेल्या पप्पांना.

अपघात त्र्यंबक रोडवर, पपया नर्सरी चौकाच्या अलीकडे झाला. कंपन्या सुटण्याची वेळ, गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या. मी डिव्हायडरच्या बाजूच्या रांगेत होते. डावीकडे एक रिक्षा उभी होती, तिच्यात आणि माझ्यात जेमतेम जागा. मागून आलेल्या पिकअपने त्या फटीतून डावीकडून गाडी काढली आणि माझ्या मागच्या दारापासून पुढच्या फेंडरपर्यंत घासत नेलं. त्या धक्क्याने माझं स्टिअरिंग उजवीकडे गेलं आणि पुढचा उजवा कोपरा डिव्हायडरला लागला. बंपर फाटला, हेडलाइट गेला. कुणालाही लागलं नाही.

पिकअपवाल्याचं म्हणणं उलट. मी इंडिकेटर न देता डावीकडे घुसले म्हणे. पाच मिनिटांत त्याचा मालक आला, दहा मिनिटांत वीस माणसं जमली आणि मांडवली सुरू झाली. "पोरगी आहे, नवीन शिकलीय, बारा हजार द्या आणि मिटवा." मी पैसे दिले नाहीत. गाड्या हलवायच्या आधी दोन्ही गाड्यांचे फोटो काढले, नंबरप्लेटसकट, आणि एमपरिवहन ॲपवर पिकअपचा विमा चालू आहे का तेही तिथेच पाहून घेतलं. पोलिस ठाण्यात स्टेशन डायरीला नोंद झाली. कुणी जखमी नसल्यामुळे एफआयआर झाला नाही.

इथून पुढे कंपनीची सेवा सुरू होते.

टोल-फ्री नंबरवर मी जे सांगितलं आणि पलीकडच्याने जे टाइप केलं, त्यात जमीन-अस्मानाचा फरक होता. मी सांगितलं: मागून आलेल्या पिकअपने घासलं, त्यामुळे डिव्हायडरला धडक बसली. नोंद झाली: विमाधारकाची गाडी पिकअपला व डिव्हायडरला धडकली. हे मला त्या दिवशी कळलंच नाही, कारण एसएमएसमध्ये फक्त क्लेम नंबर येतो. पुढे क्लेम फॉर्मवर पप्पांच्या सहीने खरी हकीकत गेली आणि सर्व्हेयरने त्यावर शेरा मारला की फोनवरची माहिती आणि फॉर्मवरची माहिती जुळत नाही. म्हणून फोनवर क्लेम नोंदवलात तर तिथल्या तिथे म्हणा, "तुम्ही काय लिहिलंय ते वाचून दाखवा." आणि त्याच संध्याकाळी तीच हकीकत ईमेलने पाठवून ठेवा.

मग एफआयआरची मागणी आली. समोरची पार्टी वाद घालतेय, तेव्हा एफआयआरशिवाय फाइल पुढे जाणार नाही, असं सांगण्यात आलं. हे मला सगळ्यात जास्त खटकलं. आपल्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम, ज्याला ओन डॅमेज म्हणतात, तो आपल्याच कंपनीकडून मिळतो आणि त्यात चूक कुणाची हा प्रश्न सहसा येतच नाही. लायसन्स नसणं, दारू पिऊन चालवणं, खाजगी गाडी भाड्याने लावणं, अशा कारणांनी क्लेम नाकारता येतो. चौकात कोण कुणाच्या आडवं आलं यावरून नाही. कुणी जखमी झालं, मेलं किंवा गाडी चोरीला गेली तर पोलिसांचे कागद लागतातच. आमच्या बाबतीत त्यातलं काहीच नव्हतं. 2024 च्या मास्टर सर्क्युलरमध्ये आयआरडीएआयने, म्हणजे विमा कंपन्यांच्या नियामक संस्थेने, कंपन्यांना बजावलेलं आहे की कागद नाहीत एवढ्याच कारणावरून क्लेम नाकारायचा नाही. ते वाक्य मी ईमेलमध्ये लिहिल्यावर एफआयआरचा विषय पुन्हा निघाला नाही.

सर्व्हेयरचा अहवाल आला तेव्हा खरा धक्का बसला. त्याच्या मते आमच्या गाडीचं नुकसान दोन वेगवेगळ्या घटनांमधलं होतं. उजवा कोपरा डिव्हायडरचा, तेवढा मंजूर. डावी बाजू जुनी, पार्किंग करताना भिंतीला किंवा खांबाला घासलेली, म्हणून नामंजूर. नवीन ड्रायव्हरच्या गाडीला अशा खुणा असतातच, असं तो पप्पांना फोनवर म्हणाला.

डावी बाजू जुनी नाही हे मला माहीत होतं, पण दाखवायचं कसं ते कळत नव्हतं. ते दाखवलं गॅरेजमधल्या डेंटिंगवाल्या चाचांनी. त्यांनी मला डाव्या आरशाजवळ नेलं. आरसा पुढच्या बाजूला, बॉनेटकडे दुमडून तुटला होता. चाचा म्हणाले, "बेटा, तू पुढे जाताना खांबाला आरसा लागला असता तर तो मागे, काचेकडे वळला असता. हा पुढे गेलाय. म्हणजे मागून तुझ्यापेक्षा जोरात काहीतरी आलं." मग दारावरच्या ओरखड्यावरून नख फिरवून दाखवलं. मागच्या दाराच्या कडेला रंग अगदी पत्र्यापर्यंत खरवडला होता, आणि पुढे फेंडरकडे जाताना खूण उथळ होत गेली होती. फेंडरच्या टोकाला पिकअपचा पांढरा रंग चिकटलेला. आमची गाडी लाल आहे. ओरखड्यात गंजाचा ठिपकासुद्धा नव्हता. पावसाळ्याच्या दिवसांत उघडा पडलेला पत्रा फार काळ तसा राहत नाही.

हे सगळं सर्व्हेयरला दिसत नव्हतं असं मी मानत नाही. तो बघायला आला तेव्हा उजवा कोपरा बारकाईने बघितला, डाव्या बाजूचे उभ्याउभ्या दोन फोटो काढले आणि गेला. आरशाचा जवळून एकही फोटो त्याच्या अहवालात नव्हता. मला हे कळलं कारण मी अहवालाची प्रत मागितली. मागितली की ती द्यावी लागते, पण आपणहून कुणी देत नाही.

आता पैशांचं बोलते, कारण इथेच लोक गप्प बसतात. गॅरेजचं एस्टिमेट 54,800 रुपयांचं होतं. पत्र्याचे भाग म्हणजे फेंडर आणि पुढचं दार 15,800. प्लास्टिकचे म्हणजे बंपर, हेडलाइट, आरसा 15,400. मजुरी 7,600 आणि पेंटिंग 16,000. झीरो डेप नसलं की घसारा, म्हणजे भाग जुने झाल्याची वजावट, कापला जातो, आणि त्याचे दर ठरलेले आहेत. प्लास्टिकला सरसकट 50 टक्के. पत्र्याला गाडीच्या वयाप्रमाणे, आमची चार वर्षांच्या पुढे आणि पाचच्या आत म्हणून 35 टक्के. पेंटिंगच्या बिलातला पाव हिस्सा मटेरियल धरून त्यावर 50 टक्के. शिवाय 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीचे 1,000 रुपये आपल्या खिशातले. हे सगळं वजा करून आमचे 38,570 बसत होते. ही कपात रीतसर आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही. सर्व्हेयरने मंजूर केले होते 9,350.

आणि या 9,350 मागे आणखी एक हिशेब आहे. क्लेम घेतला की एनसीबी, म्हणजे नो क्लेम बोनस ही प्रीमियममधली सूट, शून्यावर येते. चूक आपली असो वा समोरच्याची, हा बोनस क्लेम न घेतल्याचा आहे. पप्पांचा 45 टक्के झाला होता, पुढच्या वर्षी 50 झाला असता. आमचा ओन डॅमेजचा मूळ प्रीमियम 7,200 च्या आसपास आहे. 50 टक्क्यांऐवजी पुढच्या वर्षी शून्य, मग 20, 25, 35, 45 असं चढत परत 50 वर जायचं, तर तोवर जवळपास 9,000 रुपयांची सूट हातातून जाते. गाडीची किंमत दरवर्षी उतरत असल्याने प्रत्यक्षात थोडी कमी. म्हणजे त्यांनी देऊ केलेली रक्कम पुढच्या काही वर्षांत आम्हीच प्रीमियममधून परत केली असती. हे कंपनीच्या एकाही माणसाने सांगितलं नाही. उलट "मॅडम, स्वीकारून टाका, फाइल क्लोज होईल" असे फोन येत राहिले.

मी स्वीकारलं नाही. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल केला. ईमेल लांब नव्हता. आरसा कोणत्या बाजूला दुमडलाय त्याचा फोटो, ओरखड्याचे मागून पुढे क्रमाने फोटो, पांढऱ्या रंगाचा जवळून फोटो, चौकात काढलेले दोन्ही गाड्यांचे फोटो वेळेसकट, आणि एकच मागणी: दुसऱ्या सर्व्हेयरकडून पुन्हा तपासणी करा, नाहीतर डावी बाजू जुनी कशावरून ते लेखी कळवा. नियमाप्रमाणे सर्व्हेयर 24 तासांत नेमायचा, त्याने 15 दिवसांत अहवाल द्यायचा आणि कंपनीने पुढच्या 7 दिवसांत निर्णय कळवायचा, हेही शेवटी लिहिलं, कारण ही मुदत तोवर केव्हाच उलटून गेली होती. उत्तर आलं नसतं तर पुढे विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जायची तयारी होती. नाशिकसाठी ते कार्यालय पुण्यात नारायण पेठेत आहे. तिथे फी नाही, वकील लागत नाही, आणि 50 लाखांपर्यंतची तक्रार चालते. मुख्य अट अशी की आधी कंपनीकडे लेखी तक्रार केलेली हवी आणि तिने ती नाकारलेली हवी किंवा महिनाभर उत्तर दिलेलं नसावं.

तिथवर जावं लागलं नाही. दुसरे सर्व्हेयर आले. वयस्कर गृहस्थ. त्यांनी आधी माझ्याशी बोलायला सुरुवात केली, पप्पांशी नाही. गुडघ्यावर बसून दाराच्या खालच्या कडेपासून सगळं पाहिलं, टेप लावून ओरखड्याची जमिनीपासूनची उंची मोजली आणि पिकअपच्या फोटोवरून त्याच्या बॉडीच्या कोपऱ्याची उंची पडताळली. मला विचारलं, "पहिला आवाज कुठून आला?" मी म्हटलं, मागून डावीकडून. त्यांनी मान डोलावली आणि लिहून घेतलं. ते इतकं साधं होतं की मला राग आला, कारण पहिल्याच वेळी हे होऊ शकलं असतं. 38,570 पूर्ण मंजूर झाले. दोन तारे आहेत ते खरं तर याच माणसाच्या कामाला.

गॅरेजबद्दल तक्रार नाही. कॅशलेस असल्याने आम्हाला आमच्या वाट्याचे 16,230 च भरावे लागले. काम चोख झालं, लाल रंगाची शेड दाराला आणि फेंडरला सारखी बसली. मात्र वाद मिटेपर्यंत गाडी तिथेच पडून होती आणि मी रिक्षाने एमआयडीसीत जात होते. तो खर्च पॉलिसीत कुठेच बसत नाही.

पिकअपच्या विमा कंपनीकडून हे 16,230 मागता येतात का, असं बऱ्याच जणांनी विचारलं. कायद्याने येतात. पिकअपचा थर्ड पार्टी विमा, म्हणजे त्याच्यामुळे दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीचा विमा, माझ्या गाडीच्या नुकसानीलाही लागू आहे. पण त्यासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करावा लागतो आणि पिकअपवाल्याची चूक सिद्ध करावी लागते. एवढ्या रकमेसाठी पप्पा तयार नाहीत. मला अजून वाटतं की करावा, कारण तो माणूस त्या चौकात आजही तसाच गाडी चालवत असेल.

पुढच्या नूतनीकरणाला कंपनी बदलतोय. आता झीरो डेप घेणार आहोत, पण पाच वर्षांच्या पुढच्या गाडीला ते सगळ्या कंपन्या देत नाहीत, म्हणून आत्तापासून कोटेशन मागवतेय. प्रत्येक एजंटला एकच प्रश्न विचारते: क्लेमच्या वेळी सर्व्हेयरचा अहवाल ग्राहकाला कधी आणि कसा मिळतो? आतापर्यंत एकाच बाईंनी नीट उत्तर दिलं.