दहा रुपये वाचवले, चाळीस हजार घालवले

नाशिकला अंबडच्या एका कंपनीत परचेसला आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या कोटेशनमधला पैसा न् पैसा तपासतो. तरी फसलो. हसायचं तर हसा.

इंदिरानगरात टू बीएचके, भाडं 14,500, डिपॉझिट 60,000. त्यातले 20,000 ऑनलाइन, 40,000 रोख. रोख कशाला, हे विचारायला हवं होतं. पण घरमालक काका निवृत्त, कपाळाला गंध, पहिल्याच दिवशी हातावर त्र्यंबकचा प्रसाद. पावती मागायला जीभ रेटली नाही. तुम्ही रेटा.

कराराला एजंट लॅपटॉप आणि थंब मशीन घेऊन घरीच आला. मी अंगठा ठेवणार, तेवढ्यात ही म्हणाली, "अहो, इथे डिपॉझिट वीसच का लिहिलंय?" काका हसले. "अगं पोरी, स्टॅम्प ड्युटी वाचते. तुमच्याच फायद्याचं." आणि मी, मीच, तिला म्हणालो, "असू दे गं." नंतर हिशेब केला. डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्के व्याज धरतात, त्यावर ड्युटी पाव टक्का. 40,000 लपवून अकरा महिन्यांत वाचले दहा रुपयेसुद्धा नाहीत!

घर सोडलं तेव्हा काकांनी यादी दिली: रंग 12,000, गीझर 4,500, साफसफाई 3,500. बेरीज बरोब्बर 20,000. बाकीचे चाळीस? "कोणते चाळीस? करार वाच की." माझ्या "चाळीस पोचले ना काका?" या मेसेजवर त्यांनी फक्त जोडलेले हात पाठवले होते. वकील म्हणाले, ही काही पावती नव्हे. आत शिरताना घराचा व्हिडिओ काढला असता, तर निदान गीझरचं तरी भांडता आलं असतं.

पोलीस चौकीत चार खेपा. "दिवाणी मॅटर आहे, कोर्टात जा." मग साहेब बंदोबस्तात. मग "एवढे शिकलेले तुम्ही, रोख दिलेच कशाला?" अहो, तक्रार माझी आहे की माझ्यावर? अर्ज ठेवून घेतला, पोच दिली नाही. पोच हातात आल्याशिवाय हलू नका.

मुंबईच्या लघुवाद न्यायालयाबद्दल ऐकून वाटलं होतं, दोन तारखांत उरकेल. इथे दावा कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयात. वकिलांचे 15,000 गेले, तारखा सहा झाल्या, दरवेळी समोरून मुदतीचा अर्ज. लेखी कराराविरुद्ध तोंडी शब्द टिकवणं अवघड, हेही आता कळलं. मालक "देतो, देतो" म्हणत असेल तर वसुलीच्या दाव्याला तीनच वर्षं असतात, मोजत राहा.

मागच्या तारखेला व्हरांड्यात काका भेटले. पिशवीतून प्रसादाची पुडी काढली. मी सवयीने हात पुढे केला. हिने तो मागे ओढला.