फ्री पास्कलमध्ये रेफरन्स काउंटिंग: आठ महिन्यांच्या वापरानंतर

लातूरच्या मोंढ्यातल्या एका आडतीसाठी मी लाझारसमध्ये (फ्री पास्कल कंपायलरवर चालणारं प्रोग्राम लिहिण्याचं साधन) पट्टीचं, म्हणजे शेतकऱ्याच्या विक्रीच्या हिशेबपावतीचं, सॉफ्टवेअर लिहिलंय. सोयाबीनची आवक सुरू झाली की ते सकाळी चालू होतं आणि रात्रीच बंद होतं. गेल्या हंगामात संध्याकाळपर्यंत ते जड व्हायचं. हीपट्रेस (न सोडलेली मेमरी दाखवणारं साधन) लावून पाहिलं तर पट्टीचे ऑब्जेक्ट मेमरीत तसेच पडून होते.

रेफरन्स काउंटिंग म्हणजे एखादी गोष्ट किती ठिकाणी धरलेली आहे ते मोजायचं आणि मोजणी शून्य झाली की तिची मेमरी सोडायची. फ्री पास्कल स्ट्रिंग आणि डायनॅमिक अ‍ॅरे स्वतः मोजतो. क्लास मात्र आपण क्रिएट करायचा आणि आपणच फ्री. एकच पट्टी पडद्यावर, छपाईच्या रांगेत आणि दिवसाच्या हिशेबात असेल तर फ्री कुणी करायचं? म्हणून पट्टी आणि शेतकरी हे दोन क्लास टीइंटरफेस्डऑब्जेक्टवरून काढले; या तयार क्लासचे ऑब्जेक्ट इंटरफेसच्या व्हेरिएबलमधून वापरले की मोजले जातात.

पहिल्याच आठवड्यात दणका बसला. पट्टी क्लासच्याच व्हेरिएबलमध्ये ठेवली होती आणि छपाईच्या प्रोसिजरला इंटरफेस म्हणून दिली. आत मोजणी शून्याची एक झाली, बाहेर येताना पुन्हा शून्य, आणि पट्टी तिथंच नष्ट. पुढच्या ओळीत वजन वाचताना अ‍ॅक्सेस व्हायोलेशन (सोडलेल्या मेमरीला हात लावल्याची एरर). तेव्हापासून पट्टी इंटरफेसच्या व्हेरिएबलमध्येच ठेवतो.

दुसरी अडचण जास्त चिवट निघाली. शेतकऱ्याकडे पट्ट्यांची यादी, पट्टीकडे तिचा शेतकरी. दोघं एकमेकांना धरून बसले की मोजणी कधीच शून्यावर येत नाही. पट्टीतला शेतकरी साधा, न मोजला जाणारा पॉइंटर केला तेव्हा गळती थांबली. पण शेतकरी आधी गेला तर तो पॉइंटर आपोआप निल (रिकामा) होत नाही, ते भान आपणच ठेवायचं. डेल्फीत (पास्कलचाच दुसरा, व्यावसायिक कंपायलर) यासाठी वीक आहे, म्हणजे मोजणीत न धरला जाणारा आणि ऑब्जेक्ट गेला की निल होणारा रेफरन्स; फ्री पास्कल 3.2.2 मध्ये नाही. त्याची उणीव मला रोज जाणवते.

फॉर्म आणि बटणं मी मोजणीतून मुद्दाम वगळली. त्यांना ओनर आहे, तोच त्यांना फ्री करतो. डेल्फीने 2013 मध्ये मोबाईल कंपायलरवर सरसकट सगळ्या क्लासना मोजणी लावली, ऑब्जेक्ट हाताने नष्ट करायला डिस्पोजऑफ आणावं लागलं, आणि 2020 च्या 10.4 मध्ये ती काढून टाकली. म्हणूनच मला फ्री पास्कलमध्ये क्लास मोजण्याची सोय ऐच्छिक हवी: क्लासच्या घोषणेतच सांगायचं की हा मोजला जाईल, इंटरफेसची दुहेरी लिखापढी नको, सोबत वीक हवं.

वेगाचं म्हणाल तर दिवसाअखेरच्या बेरजेच्या लूपमध्ये मोजणीचा भार दिसला, पॅरामीटरला कॉन्स्ट (तो आत बदलणार नाही अशी खूण, त्यामुळे मोजणी टळते) लावल्यावर गेला. परवा रात्री आडत बंद होताना हीपट्रेस पाहिला: न सोडलेले ब्लॉक शून्य.