गाडगीळ की कस्तुरीरंगन?
२०११ साली माधव गाडगीळ समितीने अख्खा पश्चिम घाटच पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील मानला. त्याचे तीन स्तर पाडले, पण अंतिम सीमा नि नियम ग्रामसभांपासून चर्चा करत वर ठरवत न्यावेत, असं सुचवलं. २०१३ चा कस्तुरीरंगन समितीचा अहवाल उपग्रहचित्रांवरून शेती, बागा, वस्त्या बाजूला काढतो आणि सुमारे ३७ टक्के क्षेत्रच संवेदनशील ठरवतो. नव्या खाणींना तिथे बंदी आहेच.

बागायतदाराला दुसरा पर्याय सोयीचा वाटतो. उद्या घर बांधायलाही परवानगी मागावी लागेल, ही त्याची धास्ती मी हसण्यावारी नेणार नाही.

पण कोकणातला सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार घ्या. मे महिन्यात काळपट, रखरखीत. पावसात त्याच कातळावर बोटभर मातीत सीतेची आसवं ही इवली रानफुलं जांभळी फुलतात, डबक्यांत बेडूक अंडी घालतात. वरून बघणाऱ्याला तो पडीकच दिसणार. तिथे गुरं चारणाऱ्याला मात्र खळगा न् खळगा ठाऊक असतो. म्हणून माझा कौल गाडगीळांच्या बाजूने. मात्र ग्रामसभेपुढे अहवाल मराठीतून, पूर्ण वाचला गेला पाहिजे. ऐकीव गोष्टींवरच बरीच गावं बिथरली.