तेलाचा ओघळ आणि सहाशे ऐंशी डॉलर

गेल्या मार्चमध्ये मी एकटीनेच, माझ्या २०१२ सालच्या टोयोटा कोरोलाने, दक्षिण कॅलिफोर्नियातल्या इर्व्हाइनहून निघून रूट ६६ या जुन्या महामार्गाचा मोहावी वाळवंटातील भाग पाहायला गेले होते. त्या प्रवासात एका गॅरेजवाल्याने मला सहाशे ऐंशी डॉलरना फसवले. गॅरेजचे नाव आणि गाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण तक्रार योग्य ठिकाणी दिलेली आहे. ते कॅलिफोर्नियाच्या हद्दीत, वाळवंटातच आहे, एवढे पुरे. कॅलिफोर्नियातली आपली बरीच मराठी मंडळी सुट्टीत त्या बाजूला जातात, काही जण माझ्यासारखे एकटेही जातात, म्हणून घडले ते क्रमाने सांगते.

शिकागोपासून सँटा मोनिकापर्यंत सुमारे ३,९०० किलोमीटर जाणारा हा रस्ता १९२६ साली अस्तित्वात आला आणि १९८५ साली अधिकृत महामार्गांच्या यादीतून वगळला गेला. मोहावीतल्या भागाचे मरण त्याच्याही आधी ओढवले होते. १९७३ साली उत्तरेकडून नवा आय-४० महामार्ग सुरू झाला, सगळी वाहतूक तिकडे वळली आणि जुन्या रस्त्यावरची पेट्रोलपंप, मोटेल, खानावळ एवढ्यावर जगणारी वस्ती ओस पडली. या भागातल्या रेल्वे-ठाण्यांची नावे रेल्वेवाल्यांनी इंग्रजी वर्णमालेच्या क्रमाने ठेवली होती. अँबॉय, ब्रिस्टल, कॅडिझ, डॅनबी अशी ती पुढे गॉफ्सपर्यंत जातात. आज त्यांतल्या काही ठिकाणी पाटीखेरीज पाहण्यासारखे फारसे उरलेले नाही. मी बारस्टो सोडून न्यूबेरी स्प्रिंग्ज आणि लडलोमार्गे सकाळी अँबॉयला पोहोचले, रॉइज या जुन्या मोटेल-कॅफेच्या १९५९ सालच्या प्रसिद्ध उंच फलकाखाली गाडी उभी करून फोटो काढले आणि ज्वालामुखीच्या काळ्या शंकूपर्यंत चालत जाऊन आले. रस्त्याला समांतर जाणारी मालगाडी संपता संपत नव्हती आणि ती दिसेनाशी झाल्यावर जी शांतता पसरली, ती मी यापूर्वी कधी अनुभवली नव्हती. फोनला रेंज नव्हती. तेव्हा मला त्याचा आनंदच वाटला होता.

दुपारी पेट्रोल भरायला मी ज्या पंपावर थांबले, त्याला लागूनच गॅरेज होते. कॅलिफोर्नियात पेट्रोल आपले आपणच भरायचे असते, त्यामुळे एक मध्यमवयीन गृहस्थ बादली आणि फडके घेऊन आले आणि काच पुसून देऊ का म्हणाले, याचेच मला अप्रूप वाटले. मी आत जाऊन कॉफी घेतली, प्रसाधनगृहात जाऊन आले. फार तर सात-आठ मिनिटे गेली असतील. परत आले तेव्हा ते गृहस्थ मागच्या डाव्या चाकापाशी गुडघे टेकून बसले होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर नातेवाइकाची वाईट बातमी द्यावी तसा भाव होता. “मॅडम, तुम्ही एकट्याच आहात का?” हा त्यांचा पहिला प्रश्न होता. शॉक अब्सॉर्बर, म्हणजे चाकाचे हादरे शोषणारे तेल भरलेले नळकांडे, फुटला आहे, तेल गळते आहे, अशा गाडीने पुढे गेलात तर वळणावर चाक दगा देईल आणि पुढचे शंभर किलोमीटर तुम्हाला विचारायला कोणी नाही, असे त्यांनी अगदी हळुवारपणे सांगितले.

मीही वाकून पाहिले. रिमवरून तेलाचा एक ओघळ खाली आला होता, आतल्या नळकांड्यावरही तेल चमकत होते. मी बोट लावले. तेल मधासारखे पिवळे, स्वच्छ आणि पारदर्शक होते. सकाळपासून मी धुळीतून गाडी हाकत होते, माझ्या बुटांवर, काचेवर, दाराच्या फटीत सगळीकडे बारीक फुफाटा बसला होता, आणि या ओघळावर मात्र धुळीचा एक कण नव्हता. जे तेल खरोखर गळते ते दिवसेंदिवस झिरपते, त्यावर माती बसून काळा चिकट थर जमतो. हे बोटाला कळले होते, डोक्यात मात्र ते दोन दिवसांनी शिरले.

ही युक्ती या रस्त्याइतकीच मुरलेली आहे, हे मला नंतर वाचताना समजले. ज्या काळात लोक रेडिएटरपुढे पाण्याच्या कॅनव्हासच्या पिशव्या टांगून रात्रीच्या गारव्यात हे वाळवंट ओलांडत, त्या काळापासून वाटेवरच्या काही पंपांवर परगावची पाटी असलेली गाडी हेरून असे उद्योग चालत. इंजिनातल्या तेलाची पातळी मोजायची पट्टी पूर्ण आत न घालता बाहेर काढायची आणि तेल संपले म्हणून डबा विकायचा, हवा तपासण्याच्या निमित्ताने टायरला बारीक टोचा मारायचा, पंख्याचा पट्टा अर्धवट कापून ठेवायचा, आणि शॉक अब्सॉर्बरवर पिचकारीने तेल उडवायचे, हे त्यातले नेहमीचे प्रकार होत. आठवणींचा बाजार भरवणाऱ्या या रस्त्यावर ही आठवणही कोणीतरी जतन करून ठेवली आहे, एवढेच म्हणता येईल.

त्यांनी चारही शॉक अब्सॉर्बर बदलण्याचे अकराशे चाळीस डॉलर सांगितले. मी घासाघीस करून मागचे दोनच बदलायचे ठरवले आणि सहाशे ऐंशीवर आल्याचे समाधानही मानले. त्यातले तीनशे रोख दिले तर करात सूट देतो, असे ते म्हणाले. वाटखर्चासाठी जवळ ठेवलेले तीनशे मी काढून दिले आणि उरलेले तीनशे ऐंशी कार्डाने भरले. मग एका पुठ्ठ्याला लावलेला कागद पुढे आला, “फक्त तपासणीच्या परवानगीसाठी” म्हणून. रकमेचा रकाना कोरा होता. मी सही केली. गाडी आत गेली, दार ओढून घेतले गेले, हवेच्या पान्याचा घर्र आवाज दोन-तीनदा आला आणि पाऊण तासात गाडी बाहेर आली. काढलेले जुने भाग कुठे आहेत, हे मी विचारले नाही. माझे वडील सोलापुरात त्यांच्या फियाटचे काम झाले की जुना पार्ट वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणत, तो कितीही निकामी असला तरी. लहानपणी मला त्या तेलकट पुड्यांची लाज वाटे, आणि अमेरिकेत असे मागणे तर मला अगदीच गावंढळ वाटले.

परत आल्यावर गाडी नेहमीच्या मेकॅनिककडे तेल बदलायला नेली, तेव्हा केलेले काम पाहावे म्हणून मीच त्याला मागचे शॉक अब्सॉर्बर दाखवायला सांगितले. गाडी लिफ्टवर होती. त्याने टॉर्च लावला, हसला आणि मला खाली बोलावले. नळकांडी काळीकुळकुळीत दिसत होती, पण ती रंगवलेली होती. स्प्रेच्या रंगाचे बारीक शिंतोडे शेजारच्या रबरी नळीवरही उडाले होते. खालच्या बोल्टवर जुना तांबूस गंज जसाच्या तसा होता. पाना लागला असता तर कोपऱ्यांवरचा गंज खरवडला गेला असता. तिथे ओरखडाही नव्हता. त्याने गाडी खाली घेतली, मागचा कोपरा हातांनी जोरात दाबून सोडला, तर ती एकदाच वर येऊन स्थिर झाली. शॉक अब्सॉर्बर कामातून गेला असेल तर गाडी तशीच दोन-तीनदा डुलते, आणि गेला असला तरी ती बहुधा धक्के खात, हळू चालवत पुढच्या शहरापर्यंत नेता येते, असे त्याने समजावले. त्या दुपारी मी हा कोपरा दाबून पाहू शकले असते. त्यासाठी रेंजही लागत नव्हती. रस्त्यात मदत करणाऱ्या सेवेचे सदस्यत्वही माझ्याकडे होते. पंपाच्या दुकानात फोन होता, पण तो मागण्याचे मला सुचलेच नाही.

कॅलिफोर्नियात वाहनदुरुस्तीवर देखरेख ठेवणारा ब्युरो ऑफ ऑटोमोटिव्ह रिपेअर हा सरकारी विभाग आहे. गॅरेजची तिथे नोंदणी असावी लागते, काम सुरू करण्याआधी खर्चाचा लेखी अंदाज देऊन ग्राहकाची संमती घ्यावी लागते, आणि काम सोपवतानाच मागितले तर काढलेले भाग परत द्यावे लागतात. म्हणजे वडिलांची ती पुडी इथे कायद्यात बसलेली आहे आणि मला ती माहीत नव्हती. तक्रार विनामूल्य करता येते. विभाग दोन्ही बाजूंशी बोलून मध्यस्थी करतो. मी बोल्टचे आणि रंगाच्या शिंतोड्यांचे फोटो, मेकॅनिकचे लेखी मत आणि पावती जोडून तक्रार केली, आणि बँकेकडे कार्डाच्या रकमेवर हरकत घेतली. सहा आठवड्यांनी तीनशे ऐंशी डॉलर परत मिळाले. रोख दिलेल्या तीनशेची पावतीच नव्हती. पावतीवर फक्त कार्डाची रक्कम होती. करातली सूट कशासाठी होती, ते तेव्हा उमगले.

तक्रारीसाठी कागद जमवताना मी त्या दिवसाचे सगळे फोटो पुन्हा पाहिले. रॉइजच्या फलकाखाली काढलेल्या एका फोटोत गाडीचे मागचे डावे चाक स्पष्ट आले आहे. रिमवर पांढुरकी धूळ सारखी पसरलेली आहे आणि ओघळाचा मागमूसही नाही. तो फोटोही मी जोडला. गॅरेजवाल्याचे त्यावर उत्तर आले की गळती बहुधा फोटो काढल्यानंतर सुरू झाली असावी, आणि वेळीच लक्षात आणून दिल्याबद्दल मी त्यांचे आभार मानायला हवेत.