हॅमॉकच्या पट्ट्यावर ‘३०० किलो’ छापलेलं असेल, तर पैसे भरण्याआधी हे वाचा

समाजमाध्यमांवरची जाहिरात पाहून हॅमॉक (दोन झाडांमध्ये बांधायची झोपायची कापडी झोळी) आणि कॅम्पिंगचं सामान मागवणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहिते आहे. आम्हाला साडेसहा हजारांना जे किट विकलं गेलं, त्यातली एकही वस्तू जाहिरातीत सांगितली तशी निघाली नाही. पैसे गेले, तेवढ्यावर भागलं असतं तर मी गप्प बसले असते. पण त्यातला पट्टा मध्यरात्री सुटला आणि माझे बाबा पाठीवर आपटले. ज्या वस्तूच्या भरवशावर माणूस अंग टाकून झोपणार, ती खोटी माहिती देऊन विकणाऱ्याचा मला अजूनही संताप येतो, आणि तो लपवावा असं मला वाटत नाही.

बाबा भोसरीच्या एका कारखान्यातून निवृत्त झाले. उमेदीत राजगड-तोरणा पायाखालचा, पाठीवर सॅक आणि रात्री कातळावर सतरंजी टाकून झोप. पुढे कमरेच्या मणक्याचं दुखणं मागे लागलं आणि जमिनीवर झोपणं बंद झालं. चालायला अजून घट्ट आहेत, फक्त मुक्कामाची भीती. हॅमॉकचा विचार त्यातूनच आला. नीट ताणलेल्या, साधारण अकरा फुटी हॅमॉकमध्ये मधल्या रेषेत न झोपता थोडं तिरकं झोपलं, डोकं एका कडेला आणि पाय दुसऱ्या कडेला, तर पाठ जवळजवळ सपाट राहते. बरेच जण सरळ रेषेत झोपतात, अंग केळ्यासारखं वाकतं आणि मग हॅमॉकलाच नावं ठेवतात. आखूड, आठ-नऊ फुटी हॅमॉकमध्ये तिरकं झोपायला जागाच उरत नाही. म्हणून लांबी पाहून, प्रश्न विचारून, मगच मी ऑर्डर दिली होती.

जाहिरातीत सगळं होतं. ११ फुटी रिपस्टॉप (सहज न फाटणाऱ्या विणीच्या) नायलॉनचं हॅमॉक, मच्छरदाणी, पॉलिएस्टरचे झाडाला गुंडाळायचे पट्टे, पट्ट्याला हॅमॉक अडकवायचे अ‍ॅल्युमिनियमचे कॅराबिनर म्हणजे झडपेचे हूक, वर ताणायचा ३००० मिलिमीटर (कापड पाण्याचा किती दाब सोसतं त्याचं माप) वॉटरप्रूफ टार्प आणि थंडीसाठी हॅमॉकखाली लावायची रजई, म्हणजे अंडरक्विल्ट. सर्वांत मोठ्या अक्षरांत ‘३०० किलो क्षमता’. व्हॉट्सअ‍ॅपवर बोलणारा माणूस गोड होता, मराठीत बोलत होता, ‘ताई, काकांसाठी घेताय ना, निर्धास्त राहा’ म्हणत होता. थोडी रक्कम आधी यूपीआयने, उरलेली पार्सल आल्यावर रोख, असा त्यांचा नियम. पार्सल आलं तेव्हा पाठवणाऱ्याचं नाव वेगळंच होतं. खोक्यावर उत्पादकाचं नाव नाही, आयात करणाऱ्याचं नाही, पत्ता नाही, कमाल किरकोळ किंमत नाही. पॅकबंद मालावर या गोष्टी छापणं आपल्याकडे कायद्याने बंधनकारक आहे. विचारलं तर म्हणाला, ‘ताई, लॉट नवीन आहे, स्टिकर लावायचे राहिलेत.’

घरी पार्किंगच्या खांबांना बांधून आम्ही आळीपाळीने बसलो, झोपलो, हलून पाहिलं. टिकलं. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढे विक्रेत्याने ‘तुम्ही तपासलंच नाही’ असा कांगावा केला. अर्धा तास बसून पाहिल्याने पट्टा खरा ठरत नाही, हे आता ठामपणे सांगू शकते.

डिसेंबरात भोर तालुक्यात ओळखीच्या एका काकांच्या आमराईत मुक्कामाला गेलो. झाडं जिवंत आणि जाडजूड होती. (शेवगा, पांगारा असल्या ठिसूळ लाकडाच्या झाडांना आणि वाळलेल्या खोडांना कधीही बांधू नका, मग सामान कितीही भारी असो.) बैठक जमिनीपासून दीड फुटावर ठेवली होती, बसताना दोन्ही पाय टेकतील अशी. त्या दीड फुटाने बाबांना वाचवलं. उत्साहाच्या भरात कमरेइतकं उंच बांधणारे लोक मी पाहिलेत. कृपा करून तसं करू नका. आणि खाली दगड, खुंट, मुळी नाही ना, हे उजेड असतानाच पाहून ठेवा.

रात्री डोक्याकडचा पट्टा शिलाईतून सुटला. माकडहाडाला जबर मार बसला. एक्स-रेत फ्रॅक्चर निघालं नाही, पण त्यानंतर कितीतरी दिवस त्यांना नीट बसता येत नव्हतं.

घरी आल्यावर बाबांनीच तो पट्टा हातात घेतला. आयुष्यभर कारखान्यात क्रेनने जड भाग उचलण्याचं काम पाहिलेला माणूस. माल उचलायचे कापडी पट्टे, ज्यांना तिथे स्लिंग किंवा बेल्ट म्हणतात, त्यांना शिवलेलं एक लेबल असतं. पॉलिएस्टरचं असेल तर निळं, नायलॉनचं हिरवं, पॉलिप्रॉपिलीनचं तपकिरी. पट्ट्याच्या रंगावरूनही वजन कळतं: जांभळा एक टन, हिरवा दोन, पिवळा तीन. आणि एक टन लिहिलेलं असलं तरी तो पट्टा प्रत्यक्षात त्याच्या सातपट भाराला तुटेल असा बनवतात. बाबांनी पहिला प्रश्न विचारला तो हाच. ‘हे ३०० म्हणजे काय गं? वापरायचा भार, की तुटायचा भार?’

जाहिरातीतल्या आकड्याची सगळी लबाडी या एका प्रश्नात उघडी पडते. ३०० किलोला तुटणारा पट्टा आणि ३०० किलो रोज पेलायला बनवलेला पट्टा, या दोन पूर्ण वेगळ्या वस्तू आहेत. हॅमॉक वापरणारे जाणकार सामानाची तुटण्याची ताकद वापरायच्या भाराच्या निदान पाचपट असावी असं धरतात, कारण झोपलेला माणूस हलतो, कूस बदलतो, धपकन बसतो. जो विक्रेता यातला कोणता आकडा हे सांगू शकत नाही, त्याने तो आकडा मनाने छापला आहे असंच समजा.

मग बाबांनी पट्ट्याचा तुकडा कापला आणि साबणाचा थेंब टाकलेल्या पाण्यात बुडवला. तो पुन्हा वर येऊन तरंगला. पॉलिएस्टर पाण्यापेक्षा जड असतं, बुडतं. नायलॉनही बुडतं. तरंगतं ते पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे स्वस्त सुतळी-दोऱ्या आणि पिशव्यांचे बंद ज्याचे करतात ते. उन्हात ते लवकर कमजोर होतं, आणि सतत ताणाखाली हळूहळू लांबत राहतं. पार्किंगमधल्या अर्ध्या तासात ते टिकलं आणि रात्रभराच्या ताणाखाली नाही, यात आता मला नवल वाटत नाही. शिवाय जिथे पट्टा दुमडून वळं केलेलं होतं तिथे साध्या दोऱ्याच्या दोन ओळी मारल्या होत्या. भार घेणाऱ्या ठिकाणी दाट, आडव्या-तिडव्या टाक्यांची शिलाई हवी, आणि ती डोळ्यांना लगेच दिसते.

उरलेल्या वस्तूंचीही हीच गत. ‘अ‍ॅल्युमिनियम’च्या कॅराबिनरला लोहचुंबक सगळ्या अंगाने चिकटला. त्यावर ‘१२ केएन’ कोरलेलं होतं, म्हणजे बारा किलोन्यूटन, साधारण बाराशे किलो. कोरायला काय, काहीही कोरता येतं. चढाईच्या खऱ्या कॅराबिनरवर कंपनीचं नाव, लांबीच्या आणि आडव्या दिशेची वेगवेगळी ताकद, ईएन १२२७५ हे मानक किंवा यूआयएए या गिर्यारोहण महासंघाचं चिन्ह असतं. नुसता एक आकडा आणि बाकी कोरं, असं नसतं. टार्प शॉवरखाली धरला तर शिवणीतून पाणी ठिबकायला लागलं. कापड वॉटरप्रूफ असलं तरी सुईने पाडलेली भोकं टेपने किंवा सीलरने बंद केलेली नसतील तर पावसात त्या तीन हजार मिलिमीटरांचा काही उपयोग नाही.

अंडरक्विल्टबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण हॅमॉकमध्ये पहिल्यांदा झोपणाऱ्याला थंडी खालून लागते हे ठाऊकच नसतं. स्लीपिंग बॅग ऊब देते ती तिच्या भरावात अडकलेल्या हवेमुळे. अंगाखाली तो भराव दबला की हवा निघून जाते, आणि हॅमॉकच्या खालून मोकळा वारा वाहतच असतो. म्हणून अंडरक्विल्ट हॅमॉकच्या बाहेरून, खाली, न दबता लोंबती ठेवायची असते. आम्हाला जी मिळाली ती जाकिटाच्या अस्तरासारखी पातळ होती, भराव नावालाच. पट्टा सुटण्याच्या आधीपासूनच बाबा पाठ गार पडल्याने जागे होते. अंडरक्विल्टवर पैसे घालायचे नसतील तर साधी फोमची मॅट हॅमॉकमध्ये अंगाखाली टाकली तरी आपल्याकडच्या थंडीत भागतं. घसरते, पण उबदार असते.

विक्रेत्याला फोटो पाठवले तेव्हा उत्तर तयारच होतं: ‘ताई, तुम्ही अँगल चुकीचा बांधला.’ हा बचाव तुमच्यावरही वापरला जाईल, म्हणून त्यामागचं गणित सांगते. पट्टा आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन करत असेल तर दोन्ही बाजूंच्या प्रत्येक पट्ट्यावर माणसाच्या पूर्ण वजनाइतका ताण येतो. बाबा ७८ किलोंचे, म्हणजे प्रत्येक बाजूला ७८. तेच हॅमॉक कडक ताणून कोन १० अंशांवर आणला तर ताण जवळजवळ तिप्पट होतो, सव्वादोनशे किलोंच्या घरात. म्हणून ढिलं बांधायचं, दिसायला ते कितीही ओघळलेलं वाटो. आम्ही ३० अंशांवरच बांधलं होतं, आणि बांधलेलं असतानाचा फोटोही होता. तो पाठवल्यावर समोरून उत्तर येणं बंद झालं.

मग दुसरा डाव आला. ‘रिफंड विभागातून’ म्हणून एका बाईंचा फोन. तुमची तक्रार मंजूर झाली, आता क्यूआर कोड पाठवते, तो स्कॅन करून पिन टाका, पैसे खात्यात जमा होतील. यूपीआयचा पिन लागतो तो पैसे देताना. पैसे घ्यायला पिनही लागत नाही आणि स्कॅनही करावं लागत नाही. मी फोन ठेवला. पण त्या बाईंकडे आमचा ऑर्डर क्रमांक, पत्ता, बाबांच्या पडण्याची हकिकत, सगळं होतं. म्हणजे खराब माल पाठवणारे आणि तक्रार करणाऱ्याला परतफेडीच्या नावाने पुन्हा लुटणारे एकाच ठिकाणचे. अंगावर काटा आला. वयस्कर माणूस, दुखावलेला, पैसे परत मिळण्याच्या आशेवर असलेला, अशा वेळी पिन टाकून बसतो. हे घरातल्या मोठ्यांना आवर्जून सांगा.

लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन केला आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली. मालाबद्दल १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर वेगळी. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे ऑनलाइन विक्रेत्याने आपलं कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव दाखवायला हवं, तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात करायला हवं. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क लागत नाही, आणि विक्रेता कुठलाही असला तरी तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. कायदा आपल्या बाजूचा आहे. अडतं ते एवढ्यावरच की नोटीस पाठवायला पत्ता लागतो, आणि या लोकांना तो नसतो. पार्सलच्या वेळी दिलेली रोख रक्कम कुरिअरमार्फत पुढे गेलेली होती. ती अजून परत मिळालेली नाही. माझ्या ऑफिसातल्या एकीने समाजमाध्यमावरच्या त्याच विक्रेत्याच्या पानावरून टार्प घेतला होता, क्रेडिट कार्डावर. तिने बँकेकडे व्यवहाराला हरकत घेतली आणि तिचे पैसे परत आले. ‘हातात आल्यावर पैसे’ हे सुरक्षित वाटतं, पण खोकं उघडायच्या आधीच पैसे द्यावे लागतात आणि मागे काही माग उरत नाही.

बाबा बरे झाल्यावर आम्ही पट्टे एका औद्योगिक सामानाच्या दुकानातून घेतले. निळं लेबल असलेले, पक्क्या बिलाचे, झाडाच्या सालीला काचणार नाहीत इतके रुंद. हॅमॉकही हाताळून, शिलाई पाहून घेतलं.

ते जुनं पान आता बंद आहे. पण तोच फोटो, दोन सुरूच्या झाडांमध्ये हिरवं हॅमॉक आणि वर केशरी टार्प, वेगळ्या नावाच्या पानावर मला पुन्हा दिसला, आणि तिथेही ‘३०० किलो’च लिहिलेलं होतं. कुठलीही जाहिरात आवडली तर फोटो गूगल लेन्समध्ये टाकून बघा, तो आणखी किती पानांवर आहे ते कळतं. जीएसटी क्रमांक मागा आणि तो जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकून नाव जुळतं का पाहा. पट्टा कशाचा आहे, ३०० हा वापरायचा भार की तुटायचा, हे लेखी विचारा आणि उत्तराचा स्क्रीनशॉट ठेवा. पार्सल उघडताना लेबलापासून सलग व्हिडिओ काढा. आणि तुमच्याकडे हे किट आधीच आलेलं असेल, तर आज रात्री त्यात कुणाला झोपवू नका. पट्ट्याचा एक तुकडा कापून पाण्यात टाकून बघा.