सहा शनिवार आणि एक वही: बेळगावातील एका वर्गाचा अनुभव

गेल्या वर्षी मार्चअखेरच्या हिशेबाच्या दिवसांत रात्री दोन-अडीचच्या सुमारास छातीत धडधड होऊन मला जाग येऊ लागली. उद्यमबागेतील एका फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, मी सतरा वर्षे हिशेबाचे काम करतो आहे. कास्टिंगच्या ऑर्डरी कमी झाल्या, की पगाराच्या तारखेला पैशांची जुळवाजुळव कशी होणार हा प्रश्न मालकांच्या आधी माझ्या उशाशी येऊन बसतो. ईसीजी काढला, रक्त तपासले, थायरॉईडही पाहिले. सगळे अहवाल चांगले आले आणि हा ताणाचा परिणाम आहे, झोपेकडे लक्ष द्या, असे डॉक्टरांनी सांगितले. त्यानंतर महिनाभराने, शहरातील एका ख्रिस्ती मंडळीने, म्हणजे चर्चने, चिंता आणि ताण या विषयावर सहा शनिवारांचा वर्ग ठेवला आहे असे कळले आणि पत्नीच्या आग्रहावरून मी नाव दिले. त्या मंडळीचे नाव मी येथे लिहीत नाही, कारण कोण आले होते आणि कोण काय बोलले हे सभागृहाबाहेर जाणार नाही, असे आम्ही पहिल्याच संध्याकाळी एकमेकांना वचन दिले आहे. आपला समाज लहान आहे. चर्चचे नाव कळले, की माणसेही ओळखू येतात.

वर्गाला शुल्क नव्हते. वहीचे साठ रुपये घेतले जात आणि ज्याला द्यावेसे वाटेल त्याच्यासाठी दाराशी दानपेटी ठेवलेली होती. वेळ संध्याकाळी साडेपाच ते साडेसात. आम्ही पंचवीसएक जण होतो. बरेचसे शहरातले, काही खानापूरकडचे आणि एक दांपत्य निपाणीहून येणारे. प्रत्येक वर्गात आधी एक भजन, मग शास्त्रपाठ म्हणजे बायबलचे वाचन, त्यानंतर त्या आठवड्याची एक सवय आणि शेवटी ज्यांना हवे असेल त्यांच्याशी एकट्याने बोलणे, असा क्रम असे.

पहिला शास्त्रपाठ एलीयाचा होता, आणि माझ्या मते संपूर्ण वर्गाचा पाया त्याच संध्याकाळी घातला गेला. ईजबेलीच्या धमकीने घाबरून पळालेला हा संदेष्टा रानातल्या एका झुडपाखाली बसतो आणि देवाकडे मरण मागतो. १ राजे या पुस्तकाच्या १९व्या अध्यायातील ही गोष्ट मी लहानपणी संडे स्कूलमध्ये ऐकली होती. तिथे भर होरेब डोंगरावरच्या मंद वाणीवर असे. पाळकसाहेबांनी, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंनी, मात्र आम्हाला डोंगरापर्यंत जाऊच दिले नाही. तो झोपला, देवदूताने त्याला उठवून निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी दिले, तो पुन्हा झोपला, पुन्हा त्याला उठवून खाऊ घातले, एवढाच भाग त्यांनी तीन वेळा वाचून दाखवला. खचलेल्या माणसाला देवाने आधी उपदेश केला नाही, जेवू घातले आणि झोपू दिले, हे त्यांचे म्हणणे मी आजवर कोणत्याही उपासनेत ऐकले नव्हते. त्या दिवशी मी त्यांच्याशी एकट्याने बोलायला बसलो, तेव्हा प्रार्थना करता का, असा प्रश्न येईल या अपेक्षेने मी उत्तर तयार ठेवले होते. त्यांनी विचारले, “दादा, दुपारचं जेवण वेळेवर होतं का? रात्री किती वाजता आडवे होता?”

सवयींपैकी मला सर्वांत उपयोगी पडली ती श्वासाची. नाकाने सावकाश श्वास घेताना मनात बायबलमधील स्तोत्राची ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ ही ओळ म्हणायची आणि श्वास सोडताना ‘मला काही उणे पडणार नाही’ हे शब्द लांबवत न्यायचे, म्हणजे उच्छ्वास आपोआप श्वासापेक्षा दीर्घ होतो. असे का करायचे हे वर्गाला येणाऱ्या परिचारिकाबाईंनी समजावून दिले. भीती वाटली, की शरीरात अ‍ॅड्रेनलिन वाढते, हृदय जोरात चालते आणि श्वास उथळ होतो; दीर्घ उच्छ्वासामुळे शरीराला शांत करणाऱ्या मज्जासंस्थेचे काम वाढते आणि ठोके मंदावतात. स्तोत्र आणि शरीरशास्त्र असे शेजारी ठेवलेले पाहून कोणी म्हणेल, की वचनाचे तंत्र करून टाकले. मला तसे वाटले नाही. रात्री अडीच वाजता जेव्हा लांबलचक प्रार्थना सुचत नाही, तेव्हा स्तोत्राची एकच ओळ श्वासाबरोबर धरून ठेवणे ही देखील प्रार्थनाच असते. पंधरा-वीस मिनिटांत झोप लागली नाही, तर अंथरुणात तळमळत न पडता उठून मंद दिव्यात बसावे, हेही परिचारिकाबाईंनी सांगितले होते. ते पाळायला मला दोन आठवडे लागले, पण पाळल्यावर अंथरुणाची धास्ती गेली.

चहाचे मात्र जड गेले. फाउंड्रीत दिवसभरात सात-आठ कप होत. चहातल्या कॅफीनचा निम्मा अंश शरीराबाहेर जायला साधारण पाच तास लागतात हे कळल्यावर मी दुपारी तीननंतरचा चहा सोडला. आता सुटीनंतर थेट घरी न जाता टिळकवाडीतील व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत अर्धा तास चालतो.

वहीबद्दल थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण पुष्कळ जणांनी तीच मागितली आहे. डाव्या पानावर कन्नड, उजव्या पानावर मराठी अशी तिची रचना आहे. रोज संध्याकाळी सात वाजता पंधरा मिनिटे बसून मनातल्या सगळ्या चिंता लिहून काढायच्या आणि प्रत्येकीपुढे ‘उद्या माझ्या हाताने होणारे’ किंवा ‘देवाच्या हाती सोपवलेले’ यांपैकी एक खूण करायची. त्याच्या खाली त्या दिवसाच्या तीन गोष्टींबद्दल आभार लिहायचे. यामागे बायबलमधील फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायातील वचन आहे, ज्यात प्रेषित पौल विनंतीबरोबर आभारप्रदर्शनही करायला सांगतो. जीएसटीचे विवरणपत्र भरणे पहिल्या रकान्यात गेले, ऑर्डरी येणे दुसऱ्या रकान्यात गेले. आणि इतकी वर्षे हिशेब लिहूनही चिंतेची अशी खातेवही मी कधी मांडली नव्हती, हे मला त्या दिवशी जाणवले. कागद मात्र पातळ आहे, शाईच्या पेनने लिहिले तर मागे उमटते, आणि मराठी मजकुरात मुद्रणाच्या बऱ्याच चुका आहेत.

‘त्याच्यावर तुम्ही आपली सर्व चिंता टाका कारण तो तुमची काळजी घेतो’, हे पेत्राच्या पहिल्या पत्रातील वचन तिसऱ्या शनिवारी झाले. आपल्या भाषेत काळजी करणे आणि काळजी घेणे यांत शब्द एकच आहे, फक्त क्रियापद बदलते, याकडे पाळकसाहेबांनी लक्ष वेधले आणि आम्हाला विचारले, की आज दिवसभरात कोणाची काळजी केली आणि कोणाची घेतली. मी मुलीच्या बारावीची चार महिने काळजी करत होतो. तिच्याजवळ बसून एकदाही जेवलो नव्हतो. हा प्रश्न मराठीतच विचारता येतो. म्हणूनच भाषेबद्दलची माझी एक तक्रार आहे. लंडन मिशनरी सोसायटीने १८२० मध्ये बेळगावात काम सुरू केले, तेव्हापासून येथील ख्रिस्ती माणसांना एकाहून अधिक भाषांत उपासना करण्याची सवय आहे आणि दोन्ही भाषांचे लोक एका सभागृहात बसले हे मला मनापासून आवडले. परंतु झोपेवरचे व्याख्यान कन्नडमध्ये झाले आणि त्याचे मराठी भाषांतर घाईघाईने उरकले गेले. बाजारापुरते कन्नड मला येते. छातीतल्या दडपणाला आणि धास्तीला लागणारे शब्द मात्र आईच्या भाषेतलेच हवेत.

दुसरी उणीव याहून गंभीर आहे. चौथ्या शनिवारी पाहुणे म्हणून आलेल्या एका वक्त्यांनी चिंता म्हणजे अविश्वास, आणि विश्वास पक्का असेल तर गोळ्यांची गरज पडत नाही, असे ठामपणे सांगितले. माझ्या शेजारी बसणाऱ्या खानापूरच्या मावशी वर्षभर डॉक्टरांची औषधे घेत होत्या. त्या खाली मान घालून बसल्या आणि पुढच्या शनिवारी आल्या नाहीत. पाचव्या वर्गात पाळकसाहेबांनी सर्वांसमोर त्या विधानाबद्दल क्षमा मागितली, गेथशेमाने बागेत स्वतः प्रभू येशूचा जीव किती खिन्न आणि व्याकूळ झाला होता ते वाचून दाखवले आणि औषध चालू असेल तर ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नये असे बजावले. हे त्यांनी धैर्याने केले. तरी ज्या मावशींना ऐकवायला हवे होते त्या समोर नव्हत्या, याचे मला आजही वाईट वाटते. पाहुण्यांना बोलावण्यापूर्वी त्यांच्याशी बोलून घेणे अवघड नव्हते.

एकट्याने बोलण्याची सोय व्हरांड्यात केलेली होती, जिथून माणसांची ये-जा चालू असे. तिथे कोणी मोकळेपणाने रडूही शकणार नाही. साडेसातला सुटल्यावर बाहेरगावच्या लोकांची बससाठी धावपळ होई, म्हणून बोलण्याची वेळ त्यांच्या वाट्याला जवळजवळ आलीच नाही.

ज्यांची झोप उडाली आहे, ज्यांना कामाच्या आणि घरच्या ताणाने थकवले आहे आणि ज्यांना प्रार्थनेबरोबर दिनक्रमही सावरायचा आहे, त्यांनी या वर्गाला जरूर जावे. परंतु ज्यांना रोजचे काम करणे अशक्य झाले आहे, ज्यांची चिंता सहा-सहा महिने हटत नाही किंवा ज्यांच्या मनात जीव देण्याचे विचार येतात, त्यांनी शनिवारची वाट पाहू नये. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत असून चोवीस तास चालू असतो, आणि धारवाडची डिमहान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आपल्याला जवळ आहे. हे दोन्ही तपशील वहीच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात आहेत. ते पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात यावेत, असे मी आयोजकांना लेखी कळवले आहे.

मला अजूनही महिन्यातून एक-दोनदा अडीचला जाग येते. मी उठतो, पाणी पितो, खिडकीशी बसून स्तोत्राची ओळ श्वासावर धरतो आणि बहुधा तीनच्या आत पुन्हा झोपतो. पुढचा वर्ग ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात सुरू होणार आहे आणि त्यासाठी धाकट्या भावाचे नाव मी दिले आहे. खानापूरच्या मावशींकडेही पत्नीबरोबर जाऊन आलो. त्यांनी अजून हो म्हटलेले नाही, पण वही ठेवून घेतली आहे.