जिनोग्राम काढू की कुटुंबाचं चित्र?

घरातली जुनी नाती समजून घ्यायचीत पण सुरुवात कशाने करू, असं एका मैत्रिणीने विचारलं. मी दोन्ही केलंय म्हणून सांगते.

मेहनत बघितली तर जिनोग्राम, म्हणजे नात्यांच्या खुणा घालून काढलेली घराची वंशावळ, जड. निदान तीन पिढ्या लागतात, पुरुषाला चौकोन, बाईला गोल, भांडणाला नागमोडी रेघ, आणि माहितीसाठी आत्या-मावश्यांना फोन करत बसावं लागतं. पण खरं सांगू, ते फोनच सगळ्यात मोलाचे, कारण कोणाचं नाव घरात कोणी काढत नाही आणि का, हे तिथेच कळतं. चित्र अर्ध्या-एक तासात होतं. बर्न्स आणि कॉफमन या मानसतज्ज्ञांची १९७० ची पद्धत आहे, स्वतःसकट सगळ्यांना काहीतरी करताना काढायचं. चित्रकला यायलाच हवी असं नाही.

हाती काय लागतं? जिनोग्राममधे पिढ्यान्‌पिढ्या परत येणारं दिसतं, व्यसन, अबोला, तुटलेली नाती. चित्रात तुम्हाला आज काय वाटतं ते येतं, कोण कोणापासून लांब, मधे टेबल की भिंत, कोणाला काढायचंच राहिलं. फक्त कोणाला छोटं काढलं म्हणजे अमुकच, असले ठोकताळे नका लावू, त्यांना पक्का आधार नाही.

त्रास चित्राने जास्त होतो, ते बेसावध गाठतं. घरात मारहाण झाली असेल तर थेरपिस्टसोबतच करा, प्लीज.

तेच तेच का घडतंय हे शोधायचं असेल तर जिनोग्राम. शब्दच सापडत नसतील, लहान मुलं असतील किंवा नातेवाईकांशी बोलणं बंद असेल तर चित्र.